तीस सेकंदांचा दम

धान कापून झाले, बांध्या मोकळ्या झाल्या की नागभीड तालुक्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा पाळणे आणि जिलेबी, रात्री दंडार नाहीतर वडशाहून आलेली नाटक कंपनी, आणि बऱ्याच गावांत मंडईच्या आगेमागे कबड्डीचे खुले सामने. मोकळ्या बांधीतली ढेकळे फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीने रेघा मारायच्या, चार बांबूंना हॅलोजन बांधायचे. झाले स्टेडियम. बसायला तणस.

अशाच एका सामन्याला मी दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो होतो. पाहुण्या संघाचा चढाईपटू आला, दोन पावले पुढे, दोन मागे, रेघ शिवून परत गेला. त्याच्यानंतरचाही तसाच. तिसरा आला आणि तोही कोणाला हात न लावता रमतगमत परतला, तसा भाचा तणसावरून उठलाच. "मामा, हे तिसरी चढाई होती! हा आऊट हाये! पंच काहून काही बोलून नाही राहिला?" शेजारी बिडी ओढत बसलेले आजोबा हसले. "बस बाबू. हे टीव्हीतली नोहोय."

आजोबांचे खरे होते. गावातला सामना मंडळ ठरवेल त्या नियमांनी चालतो, आणि तिसऱ्या रिकाम्या चढाईचा नियम त्या मंडळाने ठेवला नव्हता. पोराने मात्र कबड्डी आधी टीव्हीवर पाहिली होती आणि बांधीत नंतर. त्याच्यासाठी अस्सल ती टीव्हीवरची. त्या रात्री घरी परतताना मोटारसायकलवर मागे बसून त्याने इतके प्रश्न विचारले, की प्रो कबड्डीचा एक मोसम आतून कसा चालतो हे आपणच एकदा नीट मांडावे असे वाटले. सामने सगळे बघतात, पण गुण कुठून आले आणि संघ वर-खाली का झाला हे विचारले की बरेच जण "ते टीव्हीवर येते ना" म्हणून मोकळे होतात.

समजून घ्यायला मी दहावा मोसम घेतो. २ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादला सुरू झालेला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला संपलेला. कारण सरळ आहे: तो पुणेरी पलटणने जिंकला, आणि त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला पोरगा.

आधी घड्याळ. कारण टीव्हीवरच्या कबड्डीतली प्रत्येक गोष्ट शेवटी घड्याळाशी येऊन थांबते.

आपल्या जुन्या खेळात घड्याळ होते ते छातीत. 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम टिकेल तोवर चढाई. ज्याचा दम लांब त्याची चढाई लांब. दम तुटला तर बाद. बघणाऱ्यालाही कान लावून बसावे लागे, आणि दम तुटला की नाही यावरून भांडणे होत. प्रो कबड्डीत दम म्हणायचा असतोच, पण चढाईची हद्द ठरते ती पडद्यावर उलट्या मोजल्या जाणाऱ्या तीस सेकंदांनी. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. प्रत्येक चढाईने पूर्ण तीस सेकंद खाल्ले तरी चाळीस मिनिटांत ८० चढाया बसतात, दोन्ही संघांना चाळीस-चाळीस. आता या चाळीसपैकी किती रिकाम्या जाऊ शकतात? इथेच भाच्याच्या त्या तिसऱ्या चढाईचा नियम, 'डू ऑर डाय', येतो. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे एखादा संघ कितीही आळसावून खेळला, तरी चाळीसपैकी निदान तेरा चढायांत काहीतरी घडणारच. आघाडी मिळाली की रेघ शिवून परत यायचे आणि वेळ काढायचा, हा आपल्याकडचा जुना रोग. तो पुरता गेला नाही, पण त्याला तीन चढायांचे वेसण बसले.

सगळे धरून एक सामना साधारण तासाभरात उरकतो. दहाव्या मोसमात पहिला सामना रात्री आठला आणि दुसरा नऊला असे, आणि ते जमले ते या तासाच्या मापामुळेच. जेवण होईतो एक, अंथरूण पडेतो दुसरा.

टीव्हीच्या मापात बसणारा खेळ मुळातून घडवायचा तर काय करावे लागते तेही बघा. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून टीव्हीवर 'निंजा वॉरियर' नावाचा एक कार्यक्रम झाला. मूळ कल्पना जपानची, १९९७ च्या 'सासुके'ची. पाण्यावर अडथळे उभारायचे, एकेक धडधाकट माणूस त्यावरून लटकत, उड्या मारत जातो, पडला की गेला. सुरुवातीच्या मोसमांसाठी सिडनीच्या खाडीतल्या कोकाटू बेटावर तो सगळा डोलारा उभा केला होता. बघायला मजा येते, पण तिथे टीव्हीला खेळ घडवावा लागला. कबड्डीत अडथळा म्हणजे समोरची सात माणसे, आणि तीही हलती. टीव्हीवाल्यांना इथे फक्त घड्याळ, उजेड आणि कॅमेरा आणावा लागला. २०१४ च्या पहिल्या मोसमाचे प्रेक्षक ४३ कोटींवर गेल्याचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा जाहिरातवाले चकित झाले. गावाकडच्या कोणाला त्यात फारसे नवल वाटले नसावे.

आता गुणांचे गणित. हे सावकाश घेऊ, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते.

मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे साडेसहा-साडेसहा मीटरचे दोन भाग होतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. चढाईपटूने ती ओलांडलीच पाहिजे. कोणाला न शिवता आणि ती न ओलांडता परतला तर बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, आणि तोही एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असला तर. शिवलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण. पकडले तर समोरच्यांना एक. इथवर बांधीतला आणि मॅटवरचा खेळ जवळजवळ सारखाच.

पुढची गोष्ट गड्याच्या जगण्या-मरण्याची. आपण जितके गडी बाद करतो तितके आपले बाद झालेले गडी परत मैदानात येतात. आमच्याकडे अजूनही 'जिवंत झाला' असेच म्हणतात. पण बोनसने कोणी जिवंत होत नाही. बोनसवर बोनस आणणारा चढाईपटू फलकावर छान दिसतो आणि त्याचा संघ मात्र मैदानात तीन-चार गड्यांवर अडकून पडतो, असे होते ते यामुळे. शिवून आणलेला एक गुण बोनसच्या एका गुणापेक्षा भारी असतो. फलकावर दोन्ही सारखेच दिसतात.

सगळे गडी बाद झाले की लोण. लोण देणाऱ्याला दोन गुण जादा, आणि ज्याच्यावर लोण चढला त्याचे सातही गडी परत उभे. शेवटचा एकटा गडी शिवला तर तो एक आणि लोणाचे दोन, म्हणजे तीन गुण एका स्पर्शात. म्हणून एकटा उरलेला गडी जिवाच्या कराराने लोण पुढे ढकलतो, आणि समोरचे त्याला घाई करायला लावतात.

याला उतारा म्हणजे अव्वल पकड, सुपर टॅकल. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. आणि एकाच चढाईत तीन किंवा जास्त गुण आणले तर ती अव्वल चढाई.

हे सगळे एकत्र आले की काय होते ते एकाच चढाईत बघा. गुण समसमान, २४-२४. दोन मिनिटे उरलीत. समोर तीन बचावपटू, आणि आपल्या दोन चढाया नुकत्याच रिकाम्या गेल्यात. आत पाठवायचे कोणाला? चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा त्याच्या डोक्यात हिशेब असतो तो असा: एक शिवला तर एक गुण, समोर दोनच उरतील, लोण हाताशी येईल. पकडला गेलो तर त्यांना दोन गुण, त्यांचा एक गडी जिवंत, आणि आपला हुकमी माणूस, म्हणजे मीच, बाकावर. रिकामा परतलो तरी बादच. बोनस नाही, कारण समोर सहा नाहीत. डाव्या कोपऱ्यातला गडी वाकून त्याच्या घोट्याकडे बघतोय. उजवा कोपरा मुद्दाम अर्धे पाऊल पुढे ठेवून आमिष दाखवतोय. मधला मागे सरकून जागा मोकळी करतोय, म्हणजे त्याने आत यावे. पहिली दहा सेकंदे कोणी कोणाला हात लावत नाही. वीस गेली. मग चढाईपटू उजव्या आमिषाकडे झुकल्यासारखे करतो आणि डाव्या पायाची टाच मागे फेकतो. लागली की नाही हे त्यालाही ठाऊक नसते; तो उलटा फिरून मध्यरेषेकडे झेपावतो आणि कोपऱ्यातल्याने तोवर घोटा धरलेला असतो.

या एका क्षणासाठी वीस कॅमेरे हवे असतात असे माझे मत आहे. बांधीत अशा वेळी पंच जे म्हणेल ते, आणि पंच ज्या गावचा त्या गावाच्या बाजूने, असा दुसऱ्या गावाचा कायमचा संशय. मॅटवर संघ रिव्ह्यू मागू शकतो; टीव्ही पंच तेच दृश्य वरून, बाजूने, संथ करून बघतो. टाच पँटच्या कापडाला लागली का, बोट मध्यरेषेपलीकडे आधी टेकले की गुडघा आधी धरला गेला, हे सगळे दिसते. खेळाडूंची खोटे बोलण्याची सवय या पडद्याने बरीच मोडली, असे जुने खेळाडू हसत सांगतात.

पण कॅमेरा नियमाचा प्रश्न सोडवत नाही. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरची पट्टी असते, राखीव क्षेत्र. टीव्हीवर तिला लॉबी म्हणतात. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होईपर्यंत ती पट्टी मैदानाबाहेरची. स्पर्श झाला की मैदानातली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर असताना पवन सेहरावत चढाई करत लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटू गेले, आणि कोण किती बाद यावरून सामना जवळपास तासभर थांबला. जुना नियम लावायचा की नवा, हा वाद. पडद्यावर सगळे लखलखीत दिसत होते आणि तरी निर्णय होत नव्हता. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला.

त्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, ९ आणि १० ऑक्टोबरला, मुंबईत दहाव्या मोसमाचा लिलाव होता. वादातला पवन तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतला. इराणकडून खेळलेला मोहम्मदरझा शादलुई पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना.

लिलाव कसा चालतो? प्रत्येक संघाच्या थैलीत तेव्हा ५ कोटी रुपये होते आणि त्यात १८ ते २५ खेळाडूंचा संघ बांधायचा होता. खेळाडूंचे चार गट. मूळ बोली अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. गेल्या वर्षीचे काही खेळाडू संघ लिलावाआधीच राखून ठेवू शकतो. शिवाय आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्याने बोलीत घेतला, तर तीच अंतिम किंमत देऊन त्याला परत घेण्याची सोय ठरावीक वेळा असते.

पलटणचा डाव बघण्यासारखा होता. नवव्या मोसमात त्यांनी इराणच्याच फझल अत्राचालीला १ कोटी ३८ लाखांना घेतले होते. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून २९-३३ ने हरला. मग फझलला सोडून दिले आणि त्याच्या जागी त्याहून तरुण शादलुई आणला. थैलीचा जवळजवळ अर्धा भाग एका माणसावर! हे परवडले कसे? कारण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे बोलीतून आलेलेच नव्हते. आठव्या मोसमात ते 'न्यू यंग प्लेअर' म्हणून, म्हणजे लिलावाबाहेरून, निवड शिबिरातून घेतलेले. घरात वाढवलेली पोरे स्वस्तात सांभाळायची आणि वाचलेल्या पैशात एक मोठा मोहरा विकत घ्यायचा. शादलुईने त्या मोसमात पकडीचे ९९ गुण मिळवले, मोसमातले सर्वाधिक.

लिलावातले आकडे ऐकून आमच्याकडची पोरे हरखतात, म्हणून एक उतरंड सांगून ठेवतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. कोटीचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो २०१८ मध्ये. त्याच वर्षी चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि पुढच्याच वर्षी तो तेलुगू टायटन्सकडे १ कोटी ४५ लाखांना गेला. पण चढणारा आकडा पुढे उतरतोही, आणि गुडघ्याच्या एका दुखापतीने उतरतो. ज्यांना मूळ बोलीलाही कोणी घेत नाही त्यांची नावे पडद्यावर दोन सेकंद राहतात.

मोसम म्हणजे बारा संघांचे फिरते बिऱ्हाड. साथीच्या काळात २०२० चा मोसम झालाच नाही. आठवा मोसम बंगळूरच्या एका हॉटेलात बंद दाराआड झाला, प्रेक्षकांविना. दहाव्यात बिऱ्हाड पुन्हा बारा शहरांत फिरले, प्रत्येक शहरात सहा दिवस: अहमदाबाद, बंगळूर, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता, पंचकुला. प्रत्येक संघ उरलेल्या अकरांशी दोनदा खेळला, म्हणजे २२ सामने. सगळे मिळून साखळीचे १३२. वर बाद फेरीचे पाच.

साखळीतल्या गुणांचा हिशेब सामन्यातल्या गुणांहून वेगळा. त्या मोसमात विजयाला ५, बरोबरीला ३, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १. हा शेवटचा एक फार मोलाचा. नऊ गुणांनी मागे असलेला, सामना हरलेलाच संघ शेवटच्या मिनिटात वेड्यासारखा का झटायचा? आणि जिंकलेला संघही का सोडत नसे? त्या एका गुणासाठी. पुणेरी पलटणचे पुस्तक उघडून पाहा: २२ सामने, १७ विजय, ३ बरोबरी, २ हार. १७ पंचे ८५, तीन त्रिक ९, झाले ९४. तक्त्यात मात्र ९६ दिसतात. वरचे दोन कुठून आले? जे दोन सामने हरले, त्यांतही सातच्या आत राहिले म्हणून. त्यांच्या खालच्या जयपूरचे गुण ९२. भाच्याला हा हिशेब वहीत करून दाखवला तेव्हा पाढे पाठ करण्याचा एक उपयोग तरी त्याला पटला.

पहिल्या दोघांना तेव्हा थेट उपांत्य फेरी होती. तिसरा ते सहावा यांना आधी एक बाद सामना. हा फायदा फक्त मानाचा नव्हता, पायांचा होता. हरियाणा स्टीलर्सला २६ फेब्रुवारी ते १ मार्च या पाच दिवसांत तीन सामने खेळावे लागले. गुजरातला ४२-२५ ने हरवले, जयपूरला ३१-२७ ने, मग अंतिम सामना. पुण्याने पाटण्याला ३७-२१ ने हरवून दमदार पायांनी अंतिम फेरी गाठली.

अंतिम सामना २८-२५. आकड्यांवरूनच सामना कसा झाला ते कळते. २०१७ चा अंतिम सामना पाटण्याने गुजरातविरुद्ध ५५-३८ ने जिंकला होता. त्याच महिन्यात पाटण्याच्या प्रदीप नरवालने एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले होते. तो चढाईपटूंचा मोसम. २८-२५ म्हणजे बचावाचा सामना, जिथे प्रत्येक गुण ओरबाडून काढावा लागतो. अशा सामन्यात एक अव्वल चढाई पुरते. ती पंकज मोहितेने केली. त्याने एकूण नऊ गुण आणले. हरियाणाकडून चढाई करणाऱ्यांत सिद्धार्थ देसाई होता. मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू अस्लम ठरला. विजेत्यांना ३ कोटी, उपविजेत्यांना १ कोटी ८० लाख.

एक सांगायला हवे. बाराव्या मोसमात, म्हणजे २०२५ मध्ये, हे गुणांचे गणित बदलले. विजयाला २, हरल्यास शून्य. बरोबरी साखळीतही राहिली नाही; सामना बरोबरीत थांबला तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देऊन निकाल लावतात. सामनेही प्रत्येकी अठरा झाले. त्या मोसमाचा अंतिम सामना पुणेरी पलटण दिल्लीकडून २८-३१ ने हरली. बघणाऱ्याला तक्ता सोपा झाला हे कबूल. पण सातच्या आत हरण्याचा तो एक गुण गेला, आणि हरत्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटातली धडपड त्याबरोबर उणावली. मला तो बदल आवडलेला नाही. आणखी एक खटकते ते बायकांचे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीने तीन संघांची महिलांची स्पर्धा घेतली होती. पुढे ती चालवली नाही.

हे सगळे नागभीडपासून किती दूर? मैलांत मोजू नये. आमच्या लहानपणी संघ नागपूरकडे छोट्या गाडीने जायचा, भिवापूर, उमरेड करत, आणि डब्यातच खुराक म्हणून भिजवलेले चणे संपायचे. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती छोटी लाईन बंद झाली. पण रस्ता विचारणाऱ्या पोरांना मी दोन वाटा सांगतो. शाळेत असाल तर तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, मग राज्य. ही शालेय स्पर्धांची वाट महाराष्ट्राच्या संघाकडे जाते. संघटनेच्या वाटेने गेलात तर आपण महाराष्ट्राचे नाही, विदर्भाचे. राष्ट्रीय कबड्डीत विदर्भाचा संघ वेगळा असतो. हे ठाऊक नसलेली पोरे चुकीच्या निवड चाचणीची वाट बघत एक वर्ष घालवतात. आणि खरे सांगायचे तर आमच्याकडचा बहुतेक पोरगा लिलावासाठी खेळत नाही. तो खेळतो पोलीस भरतीसाठी, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी. त्याला लागते मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र. मंडईतली शील्ड त्या कामाची नाही, ती घरच्या कपाटावर शोभते.

विदर्भाला या खेळात कमीपणा वाटायचे कारण नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला करून दाखवला तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी, आणि तेव्हा मॅट नव्हती, बूट नव्हते. प्रो कबड्डीचे खेळाडू २८ डिसेंबर २०२४ ला ऑस्ट्रेलियात मेलबर्नला प्रदर्शनीय सामने खेळले, त्याआधी ८८ वर्षे.

आमची अडचण वेगळीच आहे, आणि ती आमच्याच मंडळाच्या हातून झालेली मी पाहिली. आमच्याकडे मैदान पावलांनी आखायची रीत. गावातल्या सर्वांत उंच माणसाला उभे करायचे आणि तो चालेल तसे फक्की टाकत जायचे. एका वर्षी त्या माणसाला ताप होता, म्हणून त्याच्या धाकट्या भावाने पावले टाकली. निदान रेषा मध्यरेषेकडे हातभर सरकली. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण दोन्हीकडे सारखीच अलीकडे होती. आमचा एक पोरगा त्याच मैदानावर दोन महिने सराव करून जिल्ह्याच्या निवडीला गेला. पायांना अंतर पाठ झालेले. मॅटवर पहिल्याच चढाईत त्याने सवयीने तेवढेच आत जाऊन पाय टेकवला, वळला आणि परत आला. पंचाने हात वर केला. निदान रेषा ओलांडलीच नाही, बाद. पोरगा मध्यरेषेवर उभा राहून आपल्या पायाकडे बघत राहिला. दुसऱ्या चढाईतही तो बिचकून खेळला, आणि निवडणाऱ्यांनी त्याचे नाव घेतले नाही.

तेव्हा यंदा मंडईला मैदान आखणाऱ्यांना एक विनंती. पावलांनी आखू नका. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात टेप मिळतो, पंधरा मीटरचा घ्या. पुरुषांसाठी १३ बाय १०, महिलांसाठी १२ बाय ८. निदान रेषा मध्यरेषेपासून पुरुषांना ३.७५ मीटर, महिलांना ३. बोनस रेषा तिच्यापुढे १ मीटर. त्याच रुंदीत दोन्ही बाजूंना १ मीटरची लॉबी. आणि माईकजवळ एक माणूस मोबाईलवर तीस सेकंद लावून बसवा. भाचा म्हणतो, तो बसायला तयार आहे.